उजवा खांदा

शहर बुर्सा, शेअरबाजार बोर्सा.
एवढाच विनोद तहसीन उस्तांना चाळीस वर्षं पुरलाय.
"शहरात राहा," म्हणतात, "बाजारात राहू नकोस,"
आणि ओठांतल्या टाचण्या न सांडता हसतात.

मी त्यांचा भाचा. काजं करतो, अस्तर लावतो,
आणि इस्त्री तापेपर्यंत
फोनवर एका सूतगिरणीचा आलेख बघतो.
तिच्यात माझ्या लग्नाचे पैसे आहेत.
नेरिमानला हे ठाऊक नाही.

मार्चमध्ये भाव एक्केचाळीसवर जाऊन सदतीसला बसला.
मेमध्ये अठ्ठेचाळीस!
त्या रात्री मी मनातल्या मनात पडदेसुद्धा निवडले.
मग पुन्हा सदतीस.
आता जुलै. धापा टाकत बेचाळीसपर्यंत चढला,
आणि उतरतोय.
समोरचा न्हावी इल्हामी वस्तरा हवेत धरून म्हणाला,
"ओमुझ, बाश, ओमुझ. खांदा, डोकं, खांदा. विकून टाक."

उस्तांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
फोन हातभर लांब धरला.
आकडे वाचलेच नाहीत,
गिऱ्हाईक दारातून आत येताना बघावं तसं बघितलं.

"डावा खांदा भरलेला. इथे गर्दी होती.
डोकं उंच आहे, पण तळाच्या काड्या बघ, बुटक्या झाल्या.
टोपी मोठी, आत केस विरळ.
आणि हा उजवा तर नुसता कापूस.
इथे खांदेपालट झाली रे:
ज्यांनी वर चढवलं ते हळूच खाली उतरले,
ओझं तुझ्यासारख्यांच्या अंगावर."

"आणि ही?" मी दोन खाचांमधली रेघ दाखवली.

"ही कॉलरची जागा.
हिच्याखाली गेला, तर त्यानं मान टाकली.
डोक्यापासून इथवर अकरा, म्हणजे इथून खालीही अकरा.
सव्वीस.
टेप एवढंच सांगते.
कपडा बसला की नाही, ते अंगावर चढवल्यावरच."

मग बराच वेळ खडूचं टोक घासत राहिले.

"पण ओकान, दोन सारखे खांदे मी जन्मात पाहिले नाहीत.
पोस्टमनचा पिशवीकडे उतरलेला,
लेकरवाळीचा एका बाजूला चढलेला.
आणि हँगरवरचा कोट
मला अजूनही रोज पहाटे गिऱ्हाईक वाटतो.
मी त्याला सलाम करतो."

गुरुवारी भाव छत्तीसवर आला.
गळ्याशी आलेलं गळ्याखाली गेलं.
माझं बोट बटणावर होतं, बोटात अंगुस्तान होतं,
काचेला ते कळलंच नाही.
सोमवारी तो परत सदतीसला आला,
विसरलेली छत्री न्यायला दुकानात परतणाऱ्या माणसासारखा,
क्षणभर उंबऱ्यात उभा.
त्या क्षणात मी विकले.

नंतर तो तीसपर्यंत गेला आणि तिथूनच वळला.
सव्वीस आलंच नाही. ऑक्टोबरात चव्वेचाळीस.
इल्हामी म्हणतो, "मी सांगितलं नव्हतं?"
नक्की काय सांगितलं होतं, ते मी विचारत नाही.
आता आलेख मागे सरकवून बघतो तेव्हा
तो माणूस सापडतच नाही तिथे,
नुसते उंचवटे.
खिडकीतून दिसणारा उलुदा डोंगर तसाच आहे,
बर्फ पडलं की खांदेवाला, वितळलं की डोंगर.

काल उस्तांनी माझ्या लग्नाच्या कोटाचं माप घेतलं.
"उजवा खांदा अर्धं बोट खाली. फोन धरून धरून."
"पॅड लावा."
"लावीन. बाजाराला लावता येत नाही, तुला येतं."

मानेमागे थंडगार खडू फिरला.
मी म्हटलं, "उस्ता, नेरिमानला सांगितलं."
"कधी?"
"भाव छत्तीस होता तेव्हा. विकण्याआधी."
खडू थांबला.
"काय म्हणाली?"
"म्हणाली, पडदे मी शिवीन, तू कापड तरी आण."
"हं," उस्ता म्हणाले. "ताठ उभा राहा. हलू नकोस."